उपाशी पोट, वाढती साखर आणि पेशींची हानी

मधुमेही माणसाला न्यूमोनिया झाला, पायाची जखम चिघळली किंवा लघवीचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला, की घरात कुणीतरी म्हणतेच: "दोन दिवस पोटात अन्न नाही, मग इन्सुलिन कशाला?" सगळ्यात घातक गैरसमज हाच आहे.

शरीर जंतूंशी झुंजत असताना कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनॅलिन, ग्लुकॅगॉन ही संप्रेरके वाढतात. ती यकृताला साखर सोडायला लावतात आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात. म्हणून उपाशीपोटीही साखर ३००च्या वर जाऊ शकते. टाइप १च्या रुग्णाने अशा वेळी इन्सुलिन पूर्ण थांबवले, तर कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होते आणि जीवावर बेतते. मात्रा कमी-जास्त करावी लागते, पण डॉक्टरांना विचारूनच. 'फ्लोझिन' गटातल्या गोळ्या मात्र गंभीर आजारपणात सहसा थांबवतात, कारण त्या चालू असताना साखर फारशी न वाढताही कीटोन साचू शकतात.

आता पेशींच्या आत जाऊ. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशींना साखरेचा शिरकाव रोखता येत नाही. जादा साखर जाळताना मायटोकॉन्ड्रियामधून सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा आक्रमक रेणू जास्त प्रमाणात बाहेर पडतो आणि डीएनएला इजा करतो. मधुमेहातल्या निरनिराळ्या गुंतागुंतींचे मूळ इथे असल्याची मांडणी मायकेल ब्राउनली यांनी २००१ मध्ये केली.

हे वाचून 'असे रेणू म्हणजे निव्वळ विष' असे वाटेल. तसे नाही. आपल्या पांढऱ्या पेशी गिळलेल्या जंतूला मारण्यासाठी मुद्दाम सुपरऑक्साइड बनवतात. ते बनवणारे एन्झाइम ज्यांच्यात जन्मतःच निकामी असते, त्यांना वारंवार गंभीर संसर्ग होतात. मधुमेहातला पेच इथेच आहे, आणि तो नीट समजून घ्यायला हवा. जंतू मारणारे सुपरऑक्साइड तयार करायला एनएडीपीएच नावाचा रेणू लागतो. पेशीचे रक्षण करणारे ग्लुटाथायोन पुन्हा कामाला लावायलाही तोच लागतो. दोन्ही खर्च एकाच गंगाजळीतून. साखर फार वाढली की तिचे सॉर्बिटॉल करण्यात हा साठा खर्ची पडतो. परिणामी स्वतःच्या पेशी होरपळतात आणि जंतूंवरचा मारा मात्र दुबळा पडतो.

२०२१ मध्ये महाराष्ट्राने म्युकरमायकोसिस या बुरशीच्या संसर्गाचे रुग्ण मोठ्या संख्येने पाहिले. करोना, अनियंत्रित साखर आणि स्टिरॉइड हे तिन्ही त्यांतल्या अनेकांत एकत्र आले होते. शिवाय रक्त आम्लधर्मी झाले की प्रथिनांना बांधलेले लोह सुटे होते आणि ते या बुरशीला वाढीसाठी हवेच असते.

मग सुपरऑक्साइडसारख्या रेणूंना आवरणाऱ्या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या, क जीवनसत्त्वाची सलाईन? तर्क आकर्षक आहे, पण पुरावा विरुद्ध आहे. अतिदक्षता विभागातल्या सेप्सिसच्या, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागलेल्या, रुग्णांवर झालेली 'लोव्हिट' चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. शिरेतून क जीवनसत्त्वाचा मोठा डोस दिलेल्यांपैकी ४४.५ टक्के रुग्ण २८व्या दिवसापर्यंत दगावले किंवा त्या दिवशीही त्यांचे अवयव यंत्रांच्या वा औषधांच्या आधारावर होते. डोस न दिलेल्यांत हे प्रमाण ३८.५ टक्के होते. मधुमेह्यांना आणखी एक धोका असतो: क जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसानंतर काही ग्लुकोमीटर साखर खोटी वाढलेली दाखवतात. त्या आकड्यावर इन्सुलिन दिले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. आहारातल्या आवळ्या-पेरूंबद्दल हे म्हणणे नाही.

'साखर जितकी खाली, तितके बरे' हेही खरे नाही. २००९च्या 'नाइस-शुगर' चाचणीत अतिदक्षता विभागात साखर ८१ ते १०८मध्ये ठेवलेल्यांत ९० दिवसांतले मृत्यू २७.५ टक्के होते, तर १८०पर्यंत चालू दिलेल्यांत २४.९. म्हणून बहुतेक गंभीर रुग्णांत १४० ते १८० हे लक्ष्य धरतात.

आणि 'ताप नाही, दुखत नाही, म्हणजे काही नाही' यावर तर मुळीच विसंबू नका. चेतातंतू बधिर झालेल्या पायात खोल संसर्गही दुखत नाही, आणि वयस्कर रुग्णांना ताप येईलच असे नसते. वाढती साखर, धाप, उलट्या, गुंगी, जखमेभोवतीची लाली किंवा दुर्गंधी यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. धाप किंवा गुंगी असेल, तर थेट रुग्णालयच.