खिडकीतल्या कुंड्यांना घरचेच खत

आपल्या वस्तीत फिरताना वर पाहिले की चाळीच्या गॅलरीत, एसआरएच्या इमारतीच्या ग्रिलमध्ये, पत्र्याच्या छपरावर कुठे ना कुठे एखादी कुंडी दिसतेच. कुंडी नसेल तर तेलाचा डबा असतो, फुटकी बादली असते. त्यात मिरची, कढीपत्ता, सदाफुली, कोरफड. घर दहा बाय बाराचे असले तरी हिरवे पान आपल्या माणसाला लागते. पण वर्षभरात त्या झाडाची पाने पिवळी पडतात, वाढ थांबते. मग आपण म्हणतो, माझ्या हाताला झाड लागत नाही.

हाताचा दोष नसतो. डब्यातल्या मूठभर मातीतले अन्न झाडाने खाऊन संपवलेले असते. त्याला खत हवे असते, आणि त्या खताचा कच्चा माल आपण रोज सकाळी कचऱ्याच्या डब्यात टाकत असतो.

हा कचरा जातो कुठे?

मुंबईत रोज सुमारे सहा हजार टन कचरा निघतो. त्यातला निम्म्याहून अधिक ओला असतो, म्हणजे भाजीची देठे, फळांच्या साली, उरलेले अन्न. देवनारचे डम्पिंग १९२७ पासूनचे आहे. मुलुंडचे डम्पिंग २०१८ साली बंद झाले, बोरिवलीजवळच्या गोराईचे त्याच्याही आधी. त्यानंतर शहराचा बहुतेक कचरा कांजूरमार्गकडे वळला. या सर्व जागा उपनगरांत आहेत आणि त्यांच्या शेजारी राहणारी माणसे बहुतेक कष्टकरीच आहेत. २०१६ च्या जानेवारी अखेरीस देवनारला आग लागली, तेव्हा धूर कित्येक दिवस गोवंडी-चेंबूरच्या घरांत शिरत होता.

या आगीचे एक मूळ ओल्या कचऱ्यात आहे. ओला कचरा ढिगाखाली दाबला गेला की त्याला हवा मिळत नाही. हवेवाचून कुजताना त्यातून मिथेन वायू निघतो. हा वायू पेट घेतो. तीच भाजीची देठे घरी हवा देऊन कुजवली तर मिथेन जवळजवळ होत नाही, खत मात्र होते.

कचऱ्यात हात कोणाचे?

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. शहराची घाण उचलण्याचे काम जातीने कोणाच्या माथी मारले होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. बाबासाहेबांनी १९३५ साली मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला तो याच कामगारांसाठी. पुढे १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून कित्येक कुटुंबे मुंबईला आली. त्यातल्या अनेक बायांना काही काम मिळाले नाही, तेव्हा त्यांनी कचरा वेचून पोरे वाढवली.

ओला-सुका कचरा एकत्र टाकला की या बाईला खरकट्यात हात घालून कागद आणि प्लॅस्टिक शोधावे लागते. काच लागते, सुई टोचते. आमटीने भिजलेल्या कागदाला भंगारवाला भाव देत नाही. तोच कागद कोरडा आणि स्वच्छ मिळाला तर तिच्या हातात दोन पैसे जास्त पडतात. ओला कचरा घरातच जिरवला की सुका आपोआप स्वच्छ राहतो.

१९७५ साली स्थापन झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ मध्ये कचरावेचक बायांसाठी ‘परिसर विकास’ हा कार्यक्रम सुरू केला. ज्योती म्हापसेकर यांच्या पुढाकाराने या बायांनी कचरा वेगळा करण्याचे आणि खत बनवण्याचे प्रशिक्षण घेतले. त्यांना ‘परिसर भगिनी’ असे नाव मिळाले. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि खत देणारा ‘निसर्गऋण’ प्रकल्प विकसित केला. असे प्रकल्प चालवण्याचे कामही परिसर भगिनींनी केले. कधी शाळेत न गेलेली बाई सोसायटीतल्या शिकलेल्या लोकांना खत करायला शिकवू लागली. मग आपल्या घरात ते का होणार नाही?

खत कसे करावे

झाकणाच्या दोन बादल्या घ्या. रंगाचे वीस लिटरचे रिकामे डबे स्वच्छ धुऊन घेतले तरी चालतील. सळई तापवून चारही बाजूंनी आणि तळाला पेन्सिलीएवढी भोके पाडा. डबा दोन विटांवर ठेवा, म्हणजे खालून हवा खेळेल. खाली ताटली ठेवा, पण तिच्यात पाणी साचू देऊ नका. साचलेल्या पाण्यात डास होतात.

तळाला चार बोटे सुकी पाने किंवा नारळाच्या शेंड्या पसरा. त्यावर दोन मुठी शेणखत किंवा जुने खत टाका. तेही नसेल तर वाटीभर आंबट ताक शिंपडा. कुजवणारे जिवाणू यातून मिळतात.

आता रोजची देठे, साली, चहाचा चोथा (साखर-दुधाचा असेल तर धुऊन), अंड्याची चुरलेली टरफले डब्यात टाका. तुकडे बारीक असावेत. बाबासाहेबांच्या आणि बुद्धमूर्तीच्या हारांतली सुकलेली फुलेही दोरा काढून टाकता येतात. प्रत्येक वेळी वर सुका थर द्यायचा. ओले एक वाटी असेल तर सुके दीड-दोन वाट्या. सुके म्हणजे सुकी पाने, फाडलेले वर्तमानपत्र, सुताराकडचा साध्या लाकडाचा भुसा. प्लायवूडचा किंवा रंगवलेल्या लाकडाचा भुसा नको, गुळगुळीत रंगीत कागद नको.

दर तिसऱ्या दिवशी काठीने खालीवर करा. मूठभर माल दाबून पाहा. हात ओलसर झाला पण पाणी गळले नाही, तर ओल बरोबर आहे. डबा भरला की झाकून ठेवा आणि दुसरा सुरू करा. दीड-दोन महिन्यांत, पावसाळ्यात थोडे उशिरा, खत तयार होते. ते काळे, भुसभुशीत असते आणि पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येतो. चाळून घ्या. वर उरलेला जाडाभरडा भाग पुढच्या डब्यात टाका.

अडचण आली तर

घाण वास आला म्हणजे ओल जास्त आणि हवा कमी. सुका माल वाढवा आणि ढवळा. काहीच कुजत नसेल तर माल कोरडा आहे, थोडे पाणी शिंपडा. चिलटे आली तर वर भुशाचा जाड थर द्या. अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्याही कचराच खातात. सुका थर वाढवला की कमी होतात. झुरळांसाठी भोकांवर आतून जाळीचे कापड लावा.

मासळीची डोकी, मटणाची हाडे, तेलकट भाजी या छोट्या डब्यात घालू नका. वास सुटतो, उंदीर येतात. हा माल पालिकेच्या ओल्या कचऱ्यातच द्यावा.

झाडाला कसे घालावे

नवी कुंडी भरताना दोन भाग मातीला एक भाग खत पुरे. जुन्या कुंडीत महिन्यातून एकदा मूठभर खत खोडापासून थोडे दूर मातीत मिसळा. अर्धवट कुजलेले खत घालू नका, मुळे दुखावतात. चार-पाच तास ऊन असेल तिथे मिरची, टोमॅटो, कढीपत्ता लावा. ऊन कमी असेल तिथे पुदिना आणि अळू चांगले येतात. ओली कुंडी जड होते. ग्रिलला तारेने बांधा, खालून माणसे जातात.

जागाच नसेल तर मजल्यावरच्या चार घरांनी मिळून जिन्याखाली एक पिंप ठेवावे आणि आठवड्याची पाळी लावावी. मात्र ढवळण्याची पाळी सुनांनाच लावू नये. मुलगे आणि पुरुष मंडळींनीही काठी हातात घ्यावी.

डबा जुना, माल फुकट, दिवसाला पाच मिनिटांचे काम. दोन महिन्यांनी आपल्या मिरचीला नवी पालवी फुटेल. आपल्या घरचा कागद उचलणाऱ्या बाईचा हात खरकट्यात जाणार नाही, ही त्याहून मोठी गोष्ट. या रविवारी दोन डब्यांना भोके पाडून सुरुवात करा.