लॉक लावला, लॉक काढला

सकाळी ६.००
गोंदियाहून निघून रावणवाडी मागे पडली आणि बाघ नदीचा पूल ओलांडला, की महाराष्ट्र संपतो. पाटी बदलते, वीज कंपनी बदलते. धानाच्या बांध्या आणि बोली तीच राहते. आज काम बालाघाट जिल्ह्यातल्या एका १३२ केव्ही सबस्टेशनवर आहे. मोठ्या ट्रान्सफॉर्मरला आगीपासून वाचवणाऱ्या नायट्रोजन यंत्रणेची वार्षिक चाचणी. मे महिना आहे, म्हणून जेवढं उरकेल तेवढं उन्हाआधी.

सकाळी ६.४५
यार्डात गिट्टीवरून चालत थेट लाल कपाटापाशी. ट्रान्सफॉर्मरपासून काही मीटर दूर उभ्या असलेल्या या कपाटात नायट्रोजनची बाटली, तिचा रेग्युलेटर आणि तेल सोडणारा मोठा व्हॉल्व्ह असतो. करडी बाटली, काळा गळा. दार उघडून आधी आकडा टिपतो: १५४ बार. शेजारीच लावलेला तापमापक २८ अंश दाखवतो. दोन्ही आकडे एकाच ओळीत लिहितो. का, ते दुपारी कळेल.

सकाळी ७.३०
कंट्रोल रूममध्ये चहा. नव्याने रुजू झालेला ऑपरेटर विचारतो, "भाऊ, एवढी एक बाटली एवढी मोठी आग कशी विझवणार?"

प्रश्न रास्त आहे. ट्रान्सफॉर्मरच्या पोटात हजारो लिटर तेल असतं. आत शॉर्ट झालं की तेलाचा वायू होतो, दाब वाढतो, टाकी फाटते आणि तापलेल्या तेलाला बाहेरची हवा मिळाली की भडका उडतो. बाटली या भडक्याच्या आधीच कामाला लागते. डिफरेन्शियल रिले आणि बुखोल्झ रिले दोघांनीही आत बिघाड असल्याचं सांगितलं आणि ब्रेकर पडून वीज तुटली, की आधी वरचं तेल खड्ड्यात सोडलं जातं, दाब उतरतो. मग टाकीच्या तळातून नायट्रोजन शिरतो. खालचं थंड तेल वर आणि वरचं तापलेलं खाली, असं सगळं घुसळून निघतं. वरच्या थराचं तापमान तेल पेट घेण्याच्या बिंदूखाली, म्हणजे सुमारे १४० अंशांच्या आत येतं. वर नायट्रोजन साचतो आणि प्राणवायूला जागा उरत नाही. वरच्या साठवण-टाकीतलं, म्हणजे कन्झर्वेटरमधलं तेल खाली येऊन आगीत भर घालू नये, म्हणून मधला व्हॉल्व्ह आपोआप मिटतो.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांनी १० एमव्हीए आणि त्यावरच्या, किंवा २,००० लिटरहून जास्त तेल असलेल्या ट्रान्सफॉर्मरला अग्निशमन व्यवस्था सांगितली. पाण्याच्या फवाऱ्याला मोठी टाकी, पंप आणि बारमाही पाणी लागतं, म्हणून पुष्कळ ठिकाणी नायट्रोजन आला.

सकाळी ९.००
लोड दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरवर घेतला. जबलपूरच्या लोड डिस्पॅच सेंटरची परवानगी आली. ब्रेकर उघडा, आयसोलेटर उघडा, अर्थिंग लागलं, परमिट हातात. तरीही तेलाच्या व्हॉल्व्हला हात लावण्याआधी यांत्रिक लॉक लावायचा आणि बाटली रेग्युलेटरपासून सोडवायची. विसरलात तर चाचणीचा एक सिग्नल खरा ठरेल आणि चांगलं तेल खड्ड्यात जाईल. पुन्हा ते गाळून, सुकवून भरेपर्यंत ट्रान्सफॉर्मर बंद.

लॉक लावल्याची नोंद रजिस्टरात केली. वेळ, माझी सही, ऑपरेटरची सही.

सकाळी ९.४०
आता एकेक सिग्नल. फक्त बुखोल्झ दिला: अलार्म वाजला, यंत्रणा हलली नाही. बरोबर. फक्त डिफरेन्शियल: तेच. टाकीवरच्या डिटेक्टरचा सिग्नल एकटाच दिला, तरी ती गप्प. या डिटेक्टरात सुमारे १४० अंशांना फुटणारी काचेची कुपी असते. उन्हाने ती फुटत नाही, पण तिच्या केबलला उंदीर किंवा पाणी लागलं तर खोटा सिग्नल येऊ शकतो. म्हणून एकट्याच्या साक्षीवर इथे काही होत नाही.

मग दोन्ही रिले आणि ब्रेकर पडल्याचा सिग्नल एकत्र. कपाटात चुंबकाची कडी सुटते आणि तेलाचा व्हॉल्व्ह उघडणारं वजन धाडकन लॉकवर आदळतं. ऑपरेटर दचकतो. मी पॅनेलवरचे दिवे क्रमाने लागले का ते बघत असतो. तेलाचा आधी, नायट्रोजनचा काही सेकंदांनी. क्रम उलटा झाला तर दाब उतरण्याऐवजी वाढेल.

सकाळी ११.३०
गळती. लॉक तसाच ठेवून बाटली पुन्हा रेग्युलेटरला जोडली आणि साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक जोडावर. रेग्युलेटरच्या खालच्या नटाशी मोहरीएवढा बुडबुडा येतो, फुटतो, पुन्हा येतो. कानाला आवाज नाही, नाकाला वास नाही. वॉशर बदलला, पुन्हा साबण, बुडबुडा नाही. एवढीशी गळती वर्षभर राहिली तर बाटली सावकाश रिकामी होते.

इथे दार उघडं ठेवून वाऱ्याच्या बाजूला उभं राहायचं. हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, म्हणून लोक त्याला भीत नाहीत. पण जीव घुसमटतो तो शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. नायट्रोजनमध्ये घुसमट जाणवतच नाही, माणूस सरळ खाली बसतो.

दुपारी १२.४५
शेवटची तपासणी. तेलाचा व्हॉल्व्ह पक्का बंद आहे, वजन कडीत अडकलं आहे, हे डोळ्यांनी आणि हातांनी पाहिलं. पॅनेलवर एकही सिग्नल उरला नाही ना, तेही पाहिलं. मगच लॉक काढला. ऑपरेटरला म्हटलं, "तू ये आणि तू बघ." लॉक लावायला कोणी विसरत नाही, कारण तेल जाण्याची भीती असते. काढायचा राहतो, कारण काम झालेलं असतं आणि पोटात भूक असते. लॉक राहून गेलेली यंत्रणा दिसायला ठणठणीत, आणि आगीच्या वेळी वजन त्या लॉकवरच आदळून थांबतं.

दुपारी २.३०
ट्रान्सफॉर्मर चालू झाला. डबा संपवून पुन्हा कपाटापाशी. १६५ बार.

"बाप्पा, आकडा वाढला! गॅस कधी भरला?"

"भरला नाही, तापला."

कपाटात आता ५० अंश आहेत. २० अंशांना १५० बार भरलेली बाटली २८ ला १५४ आणि ५० ला १६५ दाखवते. गोम उलट्या बाजूला आहे: याच कपाटात दुपारी १५५ दिसले तर सकाळपेक्षा जास्तच वाटतील, पण प्रत्यक्षात बाटलीतून दहा बार गळलेले असतील. म्हणून तापमानाचा तक्ता दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला.

दुपारी ४.००
फोन. नागपूरकडच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये स्प्रिंकलरच्या कोरड्या पाइपांत नायट्रोजन भरून ठेवतात. तिथे बाटली पुरत नाही, हवेतून नायट्रोजन वेगळा करणारा जनरेटर लागतो. हवेतला प्राणवायू आणि उरलेलं पाणी पाइप आतून गंजवतात, थंडीत दमटपणाचा बर्फ होऊन पाइप तुंबतो. कोरडा नायट्रोजन दोन्ही टाळतो.

"सर, प्युरिटी ९५ च्या वर जात नाही. ९८ पाहिजे."

"सायलेन्सरवर काळी भुकटी दिसते का?"

"नाही, साफ आहे."

म्हणजे टाक्यांतला कार्बन शाबूत. दोन टाक्या आळीपाळीने दाबाखालच्या हवेतला प्राणवायू धरतात आणि सोडतात, नायट्रोजन पुढे जातो. फिल्टर वेळेवर न बदलल्याने कॉम्प्रेसरचं तेल आत शिरलं, की हा कार्बन निकामी होतो.

"पाइपांकडचा व्हॉल्व्ह बंद कर, अर्धा तास थांब."

अर्ध्या तासाने उत्तर आलं: ९८.५. यंत्र ठीक आहे. पाइप कुठेतरी गळतो, मागणी वाढते आणि यंत्राला धावून पुरं पडत नाही. उद्या तिकडे साबणाचं पाणी.

संध्याकाळी ५.१५
रजिस्टर. लॉक काढल्याची वेळ, दोन सह्या. खाली ऑपरेटरसाठी दोन ओळी: रोज सकाळी दाब आणि तापमान एकत्र लिहिणे, प्रत्येक शिफ्ट बदलताना लॉकची जागा डोळ्यांनी पाहणे. मी वर्षातून एकदा येतो, बाकीचे दिवस ही यंत्रणा त्याच्या भरवशावर आहे. कधी आग लागलीच, तर चौकशीला येणारे पहिल्यांदा हेच पान मागतील. त्याआधी ते रोज आपणच वाचलेलं बरं.