स्थूलता : दोष की व्याधी?

उत्तर अमेरिकेतील स्थूलतेच्या अभ्यासकांनी १९८२ साली स्थापन केलेली संघटना आज ‘द ओबेसिटी सोसायटी’ या नावाने ओळखली जाते. स्थूलतेला व्याधी मानावे, असा निर्वाळा तिने २००८ साली दिला. हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेत सुटणारा नसून व्याख्येचा आहे, हेही तिच्या तज्ज्ञांनी प्रांजळपणे मान्य केले. २०१३ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने, आपल्याच वैज्ञानिक परिषदेचा सल्ला बाजूस सारून, तोच निर्णय घेतला. यातून औषध कंपन्यांचे फावेल, ही शंका अनाठायी नव्हे. परंतु स्थूल मुलाला भर वर्गात हिणवणाऱ्या समाजाने ‘खादाडपणा’ हे एकच निदान आजवर केले आहे. व्याधिग्रस्ताला उपचार द्यावयाचे असतात, शिक्षा नव्हे. एवढे जरी उमगले, तरी त्या शब्दाचे सार्थक झाले असे म्हणावे लागेल.