भिंतीतल्या तारेतून इंटरनेट माजघरात

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर. शेवटी श्रोत्या मैत्रिणींनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. सुरुवातीलाच दोन प्रश्न विचारते. तुमच्या घरात वायफायचं यंत्र, म्हणजे तो राउटर, कुठे लावलाय? आणि तुम्ही दिवसातला जास्त वेळ घरात कुठे असता?

आमच्या घरचं सांगते. भारतनेट योजनेत ग्रामपंचायतीपर्यंत इंटरनेटची तार आली आणि पुढे वर्षभरात गावातल्या एका पोराने घरोघर जोडण्या दिल्या. आमच्याकडे तार रस्त्याच्या बाजूने आली, म्हणून राउटर ओसरीवर बसला. ओसरी म्हणजे माणसांची बैठक. माझं शिलाईचं मशीन मागच्या खोलीत, चूल त्याच्या शेजारी. मध्ये दगडमातीच्या दोन भिंती, हातभर जाड. मागच्या खोलीत वायफायची एकही रेघ दिसायची नाही.

मुलीचं बारावीनंतर नर्सिंगच्या प्रवेशाचं चाललं होतं. रात्री जेवणं झाली की ती मोबाईल घेऊन ओसरीच्या कोपऱ्यात बसायची. तेवढ्यात कुणी पाहुणा यायचा, गप्पा सुरू व्हायच्या, की ती उठायची. फॉर्म भरताना कागद अपलोड होईनात. शेवटी मुदतीच्या आदल्या दिवशी दोघी एसटीने तालुक्याला गेलो आणि पैसे देऊन फॉर्म भरून आलो. इंटरनेटचं बिल दर महिन्याला घरातूनच जात होतं, तरी आम्हा दोघींना ते परक्याच्या घरासारखं होतं.

तेव्हा माझ्या मनात आलं, वीज कशी मागच्या खोलीपर्यंत पोचली? तिला भिंत आडवी आली नाही. मग विजेच्या त्याच तारेतून इंटरनेट नेता येईल का? तर मैत्रिणींनो, येतं. आज त्याचंच सांगणार आहे. ते कुठे चालतं हे सांगेनच, पण कुठे चालत नाही हेही सांगेन, म्हणजे तुमचे पैसे वाया जाणार नाहीत.

वायफाय अडतं कुठे?

वायफाय म्हणजे हवेतून जाणाऱ्या लहरी. पातळ विटेची भिंत त्या कशाबशा ओलांडतात. जाड दगडमातीच्या भिंतीत त्या जिरतात. पत्र्यावर आपटून माघारी फिरतात. सळया घातलेला स्लॅब आणि पाण्याची टाकीही त्यांना अडवते. म्हणून राउटरपासून चार पावलांवर फोन पळतो आणि दोन खोल्या पलीकडे गोल चक्र फिरत राहतं. त्यात कंपनीचा दोष असतोच असं नाही, घराची बांधणीच तशी असते.

एकाच तारेतून दोन गोष्टी कशा जातात?

आपल्या आज्या पहाटे दळायला बसायच्या. जात्याची घरघर चालू असायची आणि त्यावर ओवी. दोन्ही आवाज एकाच हवेतून कानावर यायचे, पण कान त्यांची गल्लत करत नसे. कारण घरघर जाड आणि संथ, ओवीचा सूर वरचा.

विजेच्या तारेत तसंच होतं. आपल्या घरातली २३० व्होल्टची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. ही झाली जात्याची घरघर. इंटरनेटचा संदेश त्याच तारेवर सेकंदाला वीस लाखांपासून तीन कोटींपर्यंत हेलकावे घेत जातो, नव्या यंत्रांत त्याहूनही जास्त. तो ओवीचा सूर. पलीकडचं यंत्र घरघर गाळून टाकतं आणि फक्त ओवी उचलतं. पंखा, बल्ब, मिक्सर यांना त्या ओवीशी काही देणंघेणं नसतं. ते आपले पहिल्यासारखेच चालतात.

ही युक्ती आजची नाही. उच्च दाबाच्या तारांवरून एका वीजकेंद्रातून दुसऱ्याशी बोलण्याची सोय जगात शंभर वर्षांपासून आहे. घरासाठी होमप्लग नावाचं पहिलं मानक २००१ मध्ये आलं. २०१० मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने १९०१ क्रमांकाचं मानक केलं. म्हणजे हा कुणा एका दुकानदाराचा जुगाड नाही.

लावायचं कसं?

या यंत्राला पॉवरलाइन अडॅप्टर म्हणतात. मोबाईलच्या मोठ्या चार्जरएवढा डबा. तो जोडीनेच घ्यावा लागतो, एकट्याचा उपयोग नाही.

पहिला डबा राउटरजवळच्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावायचा आणि राउटरला लॅन केबलने जोडायचा. दुसरा डबा मागच्या खोलीत सॉकेटमध्ये लावायचा. काही दुसऱ्या डब्यांना फक्त केबलचं भोक असतं, त्यातून कॉम्प्युटरला केबल लावता येते. मोबाईलवर हवं असेल तर दुसरा डबा स्वतः वायफाय देणारा आहे ना, हे दुकानातच विचारून घ्या. आपल्यासारख्या मोबाईलवाल्या घराला तोच लागतो.

दोन्ही डब्यांची ओळख करून द्यावी लागते. आधी दोन्ही जवळजवळच्या सॉकेटमध्ये लावा. एकावरचं 'पेअर' बटण दाबा, मग दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचं. दिवे स्थिर झाले की दुसरा डबा काढून मागच्या खोलीत न्या. ही पायरी टाळू नका. बटण दाबल्यावर दोघांचं बोलणं कुलूपबंद होतं. विजेचं मीटर संदेश बराचसा अडवतं, पण पूर्ण अडवेलच असं नाही. शेजारच्या घरातही असेच डबे असतील तर आपलं कुलूप आपल्या हातात हवं. वायफायचा पासवर्डही बदलून घ्या.

आमची फजिती

आम्ही डबे आणले तेव्हा दुसरा डबा मी एक्स्टेन्शन बोर्डात लावला, मिक्सरच्या शेजारी. एक व्हिडिओ उघडेना. सासूबाई म्हणाल्या, "गेले पैसे." मी परत द्यायला निघालेच होते. मग वायरमन भाऊ घरी आले. त्यांनी बोर्ड काढला आणि डबा थेट भिंतीत लावला. लगेच चालू झालं.

कारण साधं आहे. चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डात आणि स्टॅबिलायझरमध्ये विजेतली खरखर गाळायची सोय असते. ते बिचारे ओवीलाही खरखर समजून गाळून टाकतात. म्हणून नियम लक्षात ठेवा: डबा थेट भिंतीत, बोर्डात नाही.

पण रोज संध्याकाळी पुन्हा अडायला लागलं. दोन दिवस वेळ लिहून ठेवली तेव्हा कळलं की टाकीत पाणी चढवायची मोटर लागली की इंटरनेट लंगडतं. ओवी चालू असताना दारात पिठाची गिरणी सुरू झाली तर काय ऐकू येणार? मोटर, मिक्सर, हलके चार्जर, स्वस्तातले एलईडी बल्ब, हे सगळे तारेत खरखर सोडतात. आम्ही डबा मोटरच्या सॉकेटपासून लांबच्या सॉकेटवर नेला आणि अभ्यासाच्या वेळी मोटर लावणं बंद केलं. एवढ्यावर भागलं.

कुठे चालत नाही?

आमच्या गटातल्या एका ताईने माझं बघून जोडी आणली. त्यांच्याकडे काहीच चाललं नाही. त्यांच्या घराची दोन भावांत वाटणी झालेली. राउटर दिराच्या बाजूला, त्यांची खोली दुसऱ्या मीटरवर. भिंत एकच, पण विजेची तार वेगळी. संदेश तारेने जातो, नात्याने जात नाही. शेवटी त्यांनी भिंतीतून लॅन केबल ओढून घेतली आणि ती उत्तम चालते आहे.

थ्री फेज जोडणी असलेल्या घरातही अशीच अडचण येते. ओसरी एका फेजवर आणि मागची खोली दुसऱ्या फेजवर असेल तर संदेश दुबळा होतो किंवा पोचतच नाही. वायरमनला विचारलं तर तो दोन मिनिटांत सांगेल.

तिसरी अडचण जुन्या वायरिंगची. टेप गुंडाळलेले सांधे, सैल सॉकेट, गंजलेले स्क्रू. तिथे संदेश गळतो. पण मैत्रिणींनो, ज्या सांध्यातून संदेश गळतो तो सांधा गरमही होत असू शकतो, आणि तिथूनच आग लागते. सॉकेट काळा पडलाय, हात लावला तर गरम लागतो, ठिणगी दिसते, असं असेल तर इंटरनेटचं नंतर बघा. आधी परवानाधारक वायरमनकडून दुरुस्ती आणि अर्थिंगची तपासणी करून घ्या. डबा ओल्या भिंतीवर, न्हाणीत किंवा गोठ्यात लावू नका. उघडून बघू नका. मुलांना लॅन केबलचं टोक विजेच्या सॉकेटजवळ नेऊ देऊ नका.

वेग किती, बिल किती?

खोक्यावर ६०० किंवा १००० एमबीपीएस लिहिलेलं असतं. त्याला भुलू नका. तो कारखान्यातल्या आदर्श तारेवरचा आकडा. आपल्या घरात त्याचा चौथा हिस्सा मिळाला तरी खूप झालं, जुन्या वायरिंगवर त्याहून बराच कमी मिळतो. पण आपली गरज किती? एका व्हिडिओ कॉलला दोन-तीन एमबीपीएस पुरतात. फॉर्म भरायला त्याहूनही कमी. आणि मूळ जोडणीच मंद असेल तर डब्यांनी ती वेगवान होणार नाही. नळाला जेवढं पाणी तेवढंच पाइपातून पुढे येणार.

विजेचं म्हणाल तर दोन्ही डबे मिळून आठ वॅट धरा. दिवसरात्र चालू ठेवले तर महिन्याला पावणेसहा युनिट होतात. रात्री झोपताना बटण बंद केलं तर आणखी कमी.

आधी हे करून बघा

डबे घेण्याआधी दोन फुकटचे उपाय करा. राउटर जमिनीवर किंवा लोखंडी कपाटामागे असेल तर तो उंचावर आणि घराच्या मध्याकडे आणा. दुसरं, जोडणी देणाऱ्याला विचारा की राउटर आतल्या खोलीत बसवून मिळेल का. आम्ही हे विचारलंच नव्हतं. बसवणाऱ्याने दारात बसवला आणि आम्ही मान डोलावली.

एकच खोली असेल आणि अंतर थोडं असेल तर लॅन केबल सगळ्यांत भरवशाची. शंभर मीटरपर्यंत ती सहज चालते. भिंतीला भोक पाडायचं नसेल, घर भाड्याचं असेल किंवा केबल पायात येत असेल, तर डब्यांचा विचार करा. आणि गटाने मिळून एकच जोडी आणली तर आठवडाभर एकीकडे, आठवडाभर दुसरीकडे लावून बघता येते. जिच्या घरी चालेल तिनेच मग स्वतःची घ्यावी.

आमच्या मागच्या खोलीत आता डब्याचा हिरवा दिवा लागलेला असतो. मुलगी दार लोटून अभ्यास करते, कुणी पाहुणा आला तरी तिला उठावं लागत नाही. मी शाळेच्या गणवेशाचे नमुने बाईंना मशीनवर बसूनच व्हिडिओवर दाखवते.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. घरात फिरून बघा की राउटर कुठे आहे आणि तुम्ही कुठे आहात. मध्ये भिंती किती, मीटर एकच आहे का, भिंतीत मोकळा सॉकेट आहे का. एका कागदावर लिहा आणि गटाच्या बैठकीला घेऊन या.

मैत्रिणींचे प्रश्न

प्रश्न: आमच्याकडे राउटर नाही, फक्त मोबाईलचं नेट आहे. डबे चालतील का?
उत्तर: नाही. डबे इंटरनेट तयार करत नाहीत, असलेलं पुढे नेतात. त्यासाठी लॅनचं भोक असलेला राउटर हवा. सिमकार्डवर चालणारा राउटर असेल आणि त्याला असं भोक असेल तर चालेल.

प्रश्न: लाईट गेली तर?
उत्तर: राउटर आणि दोन्ही डबे, तिघांनाही वीज लागते. इन्व्हर्टर असेल तर तिन्ही इन्व्हर्टरच्याच लाईनवर घ्या. एक डबा इन्व्हर्टरवर आणि दुसरा साध्या लाईनवर असला तर संदेश दुबळा होतो.

प्रश्न: विहिरीवरच्या खोलीपर्यंत नेट जाईल का?
उत्तर: नाही. शेतीपंपाची जोडणी वेगळी, मीटर वेगळं, बहुतेक ठिकाणी ट्रान्सफॉर्मरही वेगळा. तिथे हा उपाय नाही.

प्रश्न: घरात सॉकेटच कमी आहेत. डब्याने तोही अडवला तर?
उत्तर: काही डब्यांच्या तोंडावरच सॉकेट असतो. तसा मागून घ्या. मोबाईलचा चार्जर त्यातच लावा, म्हणजे त्याची खरखरही डबा गाळून घेतो.

प्रश्न: या तारेमुळे शॉक लागण्याचा धोका वाढतो का?
उत्तर: इंटरनेटच्या संदेशाने शॉक लागत नाही. धोका असतो तो विजेचाच, आणि तो सैल सॉकेट, ओला हात आणि नसलेलं अर्थिंग यामुळे. डबे लावा अगर लावू नका, अर्थिंग मात्र तपासून घ्याच.