जुनी डीडीआर४ रॅम नव्या बोर्डावर चालेल का? स्वस्त ‘कॉम्बो’ मदरबोर्ड घेण्यापूर्वी हे तपासा

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि अनेक जुन्या पीसींचा मदरबोर्ड-प्रोसेसर बदलण्याची वेळ आली. नेमकी त्याच सुमारास रॅम महागली. एआय डेटा सेंटरकडून मेमरी चिपला एवढी मागणी आली, की मायक्रॉन कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशल’ हा व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली. त्यामुळे सोलापुरात टॉवेल-चादरीची जॅकार्ड डिझाइन करणारे, फ्लेक्स छापणारे किंवा सेवा केंद्र चालवणारे यांच्यापुढे एकच प्रश्न आहे : पीसीतली जुनी रॅम वाचवता येईल का?

सर्वाधिक अडचण झाली आहे ती इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीच्या पीसीवाल्यांची. त्यात बहुतेकदा डीडीआर४ रॅम असते, म्हणजे ती अजून कामाची आहे. पण विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टची यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. प्रोसेसर बाद, रॅम शाबूत!

पिना तेवढ्याच, खाच वेगळी

डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही डेस्कटॉप रॅमला २८८ पिना असतात. लांबीही सारखीच. फरक आहे तो मधल्या खाचेच्या जागेत. एकीची स्टिक दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही आणि जोर लावला तर स्लॉट तुटतो. शिवाय डीडीआर४ ला १.२ व्होल्ट लागतात, डीडीआर५ ला १.१. डीडीआर५ मध्ये वीज नियंत्रित करणारी चिप स्टिकवरच असते, डीडीआर४ मध्ये ते काम बोर्ड करतो. त्यामुळे ‘अडॅप्टर लावून चालवू’ हा विचार सोडून दिलेला बरा.

आधी प्रोसेसर पाहा

मेमरी कंट्रोलर हल्ली प्रोसेसरच्या आतच असतो. म्हणून कोणती रॅम चालणार, हे आधी प्रोसेसर ठरवतो. इंटेलच्या १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीचे एलजीए १७०० सॉकेटचे डेस्कटॉप प्रोसेसर दोन्ही प्रकार चालवू शकतात. एएमडीकडे मात्र सरळ फाळणी आहे : एएम४ सॉकेटवर फक्त डीडीआर४, एएम५ वर फक्त डीडीआर५. इंटेलच्या पुढच्या एलजीए १८५१ सॉकेटवरही डीडीआर५ च.

याचाच फायदा घेऊन काही कंपन्यांनी एकाच बोर्डावर दोन्ही प्रकारचे स्लॉट दिले आहेत. एएसरॉकचा एच६१०एम कॉम्बो हे त्याचे उदाहरण. कल्पना नवी नाही. डीडीआर२ कडून डीडीआर३ कडे जाताना गिगाबाइटचा जी४१एम-कॉम्बो असाच होता. तेव्हाची अट आजही तीच आहे : एका वेळी एकाच प्रकारची रॅम. जुनी आठ जीबी डीडीआर४ आणि नवी आठ जीबी डीडीआर५ लावून सोळा जीबी होत नाही. अनेक ग्राहकांचा गैरसमज नेमका इथेच होतो.

मग कॉम्बो घ्यावा का? आज जुनी डीडीआर४ लावून काम चालवायचे आणि भाव उतरल्यावर डीडीआर५ घ्यायची, असा पक्का बेत असेल तर जरूर. ती डीडीआर५ पुढे बोर्ड बदलला तरी सोबत नेता येते. मात्र प्रत्येक प्रकाराचे किती स्लॉट आहेत ते मोजा. जुन्या दोन स्टिक असतील आणि डीडीआर४ चा स्लॉट एकच असेल, तर अर्धी रॅम बाहेर राहील आणि ड्युअल चॅनेलचा वेगही जाईल. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या पीसीत हा फटका जास्त जाणवतो. एच६१० चिपसेटवर मेमरी ओव्हरक्लॉक होत नाही, म्हणून तिथे ६००० वेगाची महागडी डीडीआर५ लावणे म्हणजे पैसे वाया.

बाकीच्यांसाठी साधा डीडीआर४ बोर्डच शहाणपणाचा. एच६१० किंवा बी७६० चे डीडीआर४ बोर्ड मिळतात, एएम४ वर ए५२० किंवा बी५५० आहेत. जुनी २१३३ किंवा २४०० वेगाची स्टिक त्यावर साधारणपणे आपल्या वेगाने चालते. खोक्यावरचे नाव मात्र अक्षर-अक्षर वाचा. असुसचा ‘प्राइम बी७६०एम-ए डी४’ डीडीआर४ चा आहे. त्यातले ‘डी४’ गेले की तोच बोर्ड डीडीआर५ चा होतो.

‘नवा’ बोर्ड, जुना चिपसेट

याहून स्वस्तात सीलबंद एच६१ किंवा एच८१ बोर्डही दाखवले जातात. खोके नवे असते, पण एच६१ हा २०११ चा आणि एच८१ हा २०१३ चा चिपसेट आहे. त्यावर डीडीआर३ लागते आणि त्यावर बसणारे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. ज्या कारणासाठी खर्च करायचा, तेच साधत नाही.

१३व्या-१४व्या पिढीचा प्रोसेसर घेणार असाल, तर जुन्या साठ्यातल्या एच६१० बोर्डाचे बायोस अपडेट आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. नसेल तर पीसी सुरूच होणार नाही. पुणे सुमारे २५० आणि हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर. तिथून थोडे स्वस्त आणले, तरी बोर्ड बिघडल्यावर बदलून कुठे मिळेल, याचे उत्तर आधी हवे. शक्य असल्यास जुन्या स्टिक दुकानात घेऊन जा आणि तिथेच लावून पाहा. यंत्रमागाशेजारच्या पीसीत सुताची कुसे साचतात. लावण्यापूर्वी सोनेरी पिना खोडरबराने हलकेच पुसून घ्या. ‘रॅम चालत नाही’ ही तक्रार कधी कधी तेवढ्यानेच मिटते.