स्मार्टफोनची कुलपे आणि त्यांच्या किल्ल्या

विकत घेतलेला स्मार्टफोन ग्राहकाच्या मालकीचा होतो. परंतु त्याची सारी दारे ग्राहकाला खुली असतातच असे नाही. काही दारांच्या किल्ल्या निर्मात्याकडे, तर काहींच्या दूरध्वनी सेवा देणाऱ्या कंपनीकडे राहतात. ‘अनलॉक करणे’ हा एकच शब्द या सर्वांसाठी वापरला जात असल्याने नवशिक्याचा गोंधळ उडतो. म्हणून ही कुलपे प्रथम वेगवेगळी ओळखली पाहिजेत.

पहिले कुलूप सेवेचे. असा फोन एकाच कंपनीचे सिमकार्ड स्वीकारतो. अमेरिकेत २००७ साली विक्रीस आलेला पहिला आयफोन केवळ एटी अँड टी कंपनीच्या नेटवर्कवर चालत असे. जॉर्ज हॉट्झ या सतरा वर्षांच्या मुलाने त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते बंधन मोडून दाखविले.

दुसरे कुलूप बूटलोडरचे. बूटलोडर म्हणजे फोनची कार्यप्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम. कार्यप्रणालीवर निर्मात्याची अंकीय सही आहे की नाही, हे तो तपासतो. सही जुळली नाही, तर तिला चालू देत नाही. हे कुलूप उघडल्यास लिनिएजओएससारखी दुसरी कार्यप्रणाली बसविता येते आणि निर्मात्याने वाऱ्यावर सोडलेला जुना फोनही पुढे उपयोगी पडतो. अँड्रॉइड फोनचे कुलूप उघडताना आतील माहिती सहसा पुसली जाते. ही व्यवस्था हेतुपुरस्सर आहे. एरवी चोरलेल्या फोनवर परकी कार्यप्रणाली चढवून मालकाची माहिती वाचणे चोराला सोपे झाले असते.

तिसरे कुलूप अधिकाराचे. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲप आपापल्या बंदिस्त कप्प्यात काम करते. ‘रूट’ हा अधिकार मिळाला, की कप्प्यांच्या या भिंती ओलांडता येतात. आयफोनवरील निर्बंध मोडण्यास ‘जेलब्रेक’ म्हणतात.

या किल्ल्यांवर हक्क कोणाचा, हा वाद अमेरिकेत कायद्यापर्यंत गेला. १९९८ च्या कॉपीराइट कायद्यातून जेलब्रेकला २०१० साली सूट मिळाली. नव्या फोनचे सेवेचे कुलूप स्वतःहून उघडण्याची सवलत मात्र जानेवारी २०१३ मध्ये संपली. लोकांनी आवाज उठविल्यावर २०१४ साली स्वतंत्र कायदा करून ती पुन्हा देण्यात आली.

मिळालेल्या अधिकाराबरोबर जोखीमही मालकाकडे येते. रूटचा अधिकार घातक ॲपच्या हाती पडला, तर त्याला काहीच वर्ज्य राहत नाही. म्हणूनच बँकांची अनेक ॲप अशा फोनवर चालण्यास नकार देतात. चुकीच्या मॉडेलची फाइल चढविल्यास फोन कायमचा बंद पडू शकतो. तेव्हा नवशिक्याने नित्य वापरातला फोन बाजूला ठेवून एखाद्या जुन्या फोनवर हात बसवावा, त्यातील माहितीची प्रत आधी काढून घ्यावी आणि मॉडेलचा क्रमांक अक्षरशः जुळल्याखेरीज पुढे जाऊ नये.