मिरची चांगली कोणती?

मसाल्याची मिरची आणायची म्हटले की घरात वाद ठरलेला. आजी म्हणते, “लवंगी आण, तिखट हवी.” आई म्हणते, “ब्याडगी बरी, रंग येतो.” विद्यार्थी मित्रहो, बरोबर कोण?

तिखटपणा येतो तो कॅप्सेसिन या द्रव्यामुळे. ते बियांत नव्हे, तर बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढुरक्या गराच्या भागात तयार होते. षड्रसांत आपण तिखट मोजतो खरे. पण जीभ ते चव म्हणून ओळखत नाही. उष्णतेची सूचना देणारे मज्जातंतू कॅप्सेसिनमुळे चेतवले जातात, म्हणून तोंड भाजल्यासारखे वाटते. हे नेमके कसे घडते ते डेव्हिड ज्युलियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले. २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचे ज्युलियस एक मानकरी ठरले.

लाल रंग मात्र कॅप्सँथिनसारख्या रंगद्रव्यांचा. म्हणूनच गडद लाल ब्याडगी सौम्य असते आणि इवलीशी लवंगी जहाल! तेव्हा आजी आणि आई दोघीही बरोबर. पुष्कळ घरी दोन्ही मिरच्या मिसळतात, ते उगीच नव्हे.

तिखटपणा आणि रंग, दोन्ही तेलात विरघळतात, पाण्यात जवळजवळ नाहीत. म्हणून रश्शावरची तर्री लाल दिसते आणि तोंड भाजल्यावर पाण्याने भागत नाही. दूध प्यावे लागते.

आता एक प्रयोग करा. पेलाभर पाण्यावर चिमूटभर लाल तिखट भुरभुरा. लगेच लाल धारा खाली उतरू लागल्या, तर कृत्रिम रंगाची भेसळ असल्याचा संशय घ्या. तुमच्या घरचे तिखट काय सांगते?